रोज एक कोनाडा

गृहप्रवेशाच्या दिवशी घर जेवढे मोठे वाटते तेवढे ते पुढे कधीही वाटत नाही. भिंती तर आत सरकत नाहीत. कुटुंबात चार माणसांची भर पडते हे खरे. परंतु माणसे सकाळी उठून शेतावर, शाळेत, कचेरीत जातात. वस्तू मात्र जेथल्या तेथे राहतात आणि वर्षागणिक वाढतात. दहा-वीस वर्षांत घरातील एखादी खोली आपले मूळ नाव गमावून बसते व 'अडगळीची खोली' म्हणून ओळखली जाऊ लागते. ज्या घरात मुळी दोनच खोल्या आहेत, तेथे हा मान पलंगाखालच्या जागेस, माळ्यास आणि दाराआडच्या कोपऱ्यास मिळतो. शाळेच्या वार्षिक अंकात हा विषय कशासाठी, असे काही पालक विचारतील. त्याचा शाळेशी निकटचा संबंध आहे, असे आम्हांस वाटते.

बिदर, भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद, आळंद ह्या टापूतील विद्यार्थ्यांच्या घरी जाण्याचे प्रसंग शिक्षकास वारंवार येतात. "अभ्यासाला कोठे बसतोस?" ह्या प्रश्नास मिळणारी उत्तरे जवळजवळ ठरलेली असतात. कोणी उंबऱ्यावर बसतो, कोणी जिन्याच्या पायरीवर, कोणी स्वयंपाकघरात चुलीच्या उजेडापाशी. गरीब घरांत ह्यास इलाज नाही, आणि त्याबद्दल कोणास बोल लावण्याचा अधिकारही आम्हांस नाही. परंतु पुष्कळदा असे आढळते की, मूल उंबऱ्यावर बसलेले असते आणि त्याच घरातील एका खोलीस कुलूप असते. त्या कुलपाआड मोडका पाळणा, तीन पायांची खुर्ची, बंद पडलेले दोन पंखे, लग्नातल्या रिकाम्या खोक्यांची चळत आणि पिळवटलेल्या गाद्या सुखाने नांदत असतात. वस्तूंना खोली आणि मुलास उंबरा! अशी वाटणी घरात कोणी ठरवून केलेली नसते. ती आपोआप झालेली असते, आणि म्हणूनच ती कोणाच्या ध्यानात येत नाही.

ह्यावर आपल्याकडील वडीलधारी मंडळी एक उत्तर देतात, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही. "आम्ही दुष्काळ पाहिला आहे," असे ती म्हणतात. १९७२ च्या दुष्काळात ज्यांनी ज्वारीच्या एकेका पायलीसाठी पायपीट केली, त्यांना रिकामा डबा फेकून देववत नाही, ह्यात नवल कसले? त्याही पूर्वीची आठवण ह्या मातीत आहे. १३ सप्टेंबर १९४८ रोजी सुरू झालेली हैदराबादची पोलीस कारवाई १७ तारखेस संपली. तिच्या आधीच्या आणि नंतरच्या धामधुमीत ह्या भागातील दोन्ही धर्मांच्या कित्येक कुटुंबांना रातोरात घरे सोडावी लागली. ज्याचे एकदा सर्व गेले, तो पुढे लहानशी वस्तूही मुठीत घट्ट धरून ठेवतो. तेव्हा घरातील अडगळ हे केवळ आळसाचे फळ नव्हे; पुष्कळ वेळा ती भीतीची पुंजी असते. जो हे समजून न घेता आजीच्या ट्रंकेला हात घालतो, तो घर स्वच्छ करीत नाही. तो आजीला दुखावतो.

परंतु साठवण आणि अडगळ ह्या एक गोष्टी नव्हेत. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा आपल्या घराघरांत सांगितली जाते. दुष्काळात लोक अन्नान्न करू लागले तेव्हा बेदरच्या बादशहाची कोठारे दामाजीपंतांनी खुली केली, आणि त्या धान्याची रक्कम घेऊन खुद्द विठ्ठल विठू महाराच्या रूपाने बेदरच्या दरबारी गेला, अशी ती कथा. भाविक तीत देवाची लीला पाहतात. आम्ही तीत आणखी एक अर्थ पाहतो. कोठार भरलेले होते म्हणून माणसे वाचली नाहीत, ते उघडले गेले म्हणून वाचली. जी साठवण वेळेस उघडते ती संपत्ती. जी कधीच उघडत नाही ती अडगळ.

आमची घरची भाषा कोंकणी. गोव्याकडे पावसाळ्यापूर्वी सुकी मासळी, मीठ, मिरची, कोकमे, कडधान्ये असा चार महिन्यांचा साठा करण्याची जुनी चाल आहे. त्यास 'पुरुमेंत' म्हणतात. जेथे महिनेच्या महिने पाऊस कोसळतो, तेथे असा साठा न करणारी गृहिणी अव्यवहारी ठरेल. परंतु पुरुमेंताचे वैशिष्ट्य हे की, पावसाळा सरतो तशी ती संपत जाते, आणि पुढील वर्षी जागा पुन्हा रिकामी असते. मोडक्या खुर्चीचा पावसाळा मात्र कधीच येत नाही. टाकाऊ वस्तूस आमच्या बोलीत 'कोयर' असा शब्द आहे. पुरुमेंत कोणती आणि कोयर कोणता, हे ओळखणे हाच घर आवरण्याचा पहिला धडा होय.

हा धडा न शिकल्यास काय होते, ह्याची दोन उदाहरणे आपल्या शेजारीच आहेत. बिदरमधील महमूद गवानचा मदरसा १४७२ साली उभा राहिला. दूरदूरचे विद्वान तेथे येत, आणि त्याच्या ग्रंथालयात सुमारे तीन हजार ग्रंथ होते असे सांगतात. पुढे ह्याच विद्यामंदिराच्या खोल्यांतून बंदुकीची दारू साठवून ठेवण्यात आली. १६९६ च्या सुमारास स्फोट झाला आणि दोन मनोऱ्यांपैकी एक मनोरा व दर्शनी भागाचा मोठा अंश कोसळला. जी जागा ज्या कामासाठी, तेथे भलतीच वस्तू साठवली की काय होते, हे आज तेथे उभ्या असलेल्या एकट्या मनोऱ्यास विचारावे.

दुसरे उदाहरण अधिक दुःखद आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. आपल्या जिल्ह्यांतही तो जाणवला. लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत जवळजवळ आठ हजार माणसे दगावली. घरांच्या दगडमातीच्या भिंती हे त्याचे एक कारण होते. आणि दुसरे कारण माळवद. गळती थांबावी म्हणून छतावर मातीचे नवे थर चढवले जात, पण जुना थर काढला जात नसे. वर्षे लोटली आणि डोक्यावर टनावारी ओझे साचले. पुढे घरे बळकट करण्याच्या सूचना देताना तज्ज्ञांनी छतावरील माती कमी करण्यास सांगितले. मातीच्या त्या प्रत्येक थरामागे हेतू चांगलाच होता. अडगळीचेही असेच असते. एकेक वस्तू ठेवण्यामागचा हेतू चांगला असतो. ओझे होते ते सर्वांचे मिळून.

आता कोणी म्हणेल, "आम्ही तर दरवर्षी घर आवरतो." ते खरे आहे. घट बसण्यापूर्वी आपल्या भागात घरे धुऊन निघतात, गोधड्यांची ओझी नदीवर जातात. दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या रात्री अलक्ष्मी घराबाहेर काढण्याची आपली परंपराच आहे. परंतु ह्या वार्षिक उठाठेवीचा प्रकार थोडा लक्षपूर्वक पाहावा. सर्व सामान अंगणात येते, त्यावरची धूळ झटकली जाते आणि संध्याकाळ होताच सर्वच्या सर्व सामान पुन्हा आत जाते. अलक्ष्मी अंघोळ करून घरी परतते! दोन दिवसांच्या श्रमाने कंबरडे मोडते, ते बहुधा एकट्या आईचे, आणि वर्षभर त्या कामाचे नावही कोणी काढीत नाही.

जपानमधील मारी कोंडो ह्या बाईंचे घर आवरण्याविषयीचे पुस्तक २०११ साली निघाले आणि जगभर वाचले गेले. काम एकदाच, झपाट्याने आणि संपूर्ण करावे, आणि जी वस्तू हाती घेताच मनास आनंद होतो तेवढीच ठेवावी, असे त्या सांगतात. एकट्यादुकट्या माणसाच्या शहरी घरास हे मानवतही असेल. आपल्या घरांस हे मानवेल असे आम्हांस वाटत नाही. येथे एका कपाटात तीन पिढ्यांच्या वस्तू असतात. काकूंचा पाटा काकूंना विचारल्यावाचून हलत नाही. आणि कुदळ हाती घेतल्याने कोणास आनंद होवो अथवा न होवो, पेरणीच्या दिवसांत ती लागतेच. आपल्याला सावकाशीचा मार्ग बरा.

सावकाश केलेले काम कोठवर जाते, हे पाहण्यास बिदरजवळील नौबादला जावे. बहामनी काळात, पंधराव्या शतकात, तेथे जमिनीखालून पाणी वाहून आणणारा भुयारी पाट खोदला गेला. त्यास करेझ म्हणतात. त्याच्यावर ठिकठिकाणी हवा-उजेडासाठी विहिरींसारखी तोंडे आहेत. काळाच्या ओघात ती गाळाने व केरकचऱ्याने बुजली आणि पाट विस्मृतीत गेला. २०१५ च्या सुमारास तो उपसण्याचे काम सुरू झाले. भुयारात यंत्र फिरवता येत नाही. गाळ टोपल्याटोपल्यांनीच वर काढावा लागतो. तसा तो काढला गेला आणि पाण्यास वाट मिळाली. २०२० साली दख्खनच्या ह्या जुन्या जलव्यवस्थांची नोंद जगातील जपण्याजोग्या वास्तूंच्या एका आंतरराष्ट्रीय यादीत झाली. शेकडो वर्षांचा गाळ जर टोपलीने निघतो, तर आपला माळा का निघू नये?

आमची सूचना अगदी साधी आहे. दिवसाच्या साठ घटकांपैकी एक घटका, म्हणजे चोवीस मिनिटे, ह्या कामास द्यावी, आणि त्या घटकेत एकच कोनाडा, एकच फळी किंवा एकच ट्रंक हाती घ्यावी. पाडव्यापासून दसऱ्यापर्यंत सुमारे सहा महिने होतात. त्यांतले तीस दिवस पेरणी, लग्नकार्य, आजारपण ह्यांत गेले असे धरले तरी दीडशे दिवस उरतात. दीडशे घटका म्हणजे साठ तास. दिवाळीपूर्वीच्या दोन दिवसांत दहा-दहा तास राबले तरी वीसच होतात. शिवाय साठ तासांच्या ह्या कामात कोणाची कंबर दुखत नाही.

हाती घेतलेल्या वस्तूंचे चार वाटे करावेत. पहिला वाटा लागणाऱ्या वस्तूंचा, दुसरा कोणास देण्याजोग्यांचा, तिसरा टाकण्याच्या लायकीच्या वस्तूंचा. चौथा वाटा मनाचा निर्णय न झालेल्या वस्तूंचा. त्या एका खोक्यात घालून वर तारीख लिहावी. पुढील पाडव्यापर्यंत जर ते खोके कोणी उघडले नाही, तर निर्णय झालाच असे समजावे.

निर्णय अवघड का जातो, ह्याचाही अभ्यास झालेला आहे. डॅनियल काहनमन, जॅक नेच व रिचर्ड थेलर ह्या विद्वानांनी १९९० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या काही विद्यार्थ्यांना त्यांनी साधे पेले दिले आणि ते केवढ्यास विकाल, असे विचारले. ज्यांना पेले दिले नव्हते त्यांना, केवढ्यास घ्याल, असे विचारले. पेला तोच, परंतु तो ज्याच्या हाती आला होता त्याने सांगितलेली किंमत घेणाऱ्याच्या दुपटीहून अधिक भरली. वस्तू 'माझी' झाली की तिचे मोल मनात वाढते. म्हणून "ही टाकू काय?" असा प्रश्न स्वतःस विचारूच नये. "ही वस्तू आज बाजारात दिसली, तर मी पैसे देऊन घेईन काय?" असे विचारावे. उत्तर बहुधा तत्काळ मिळते.

खरी अडचण ह्यापुढची आहे. नव्याचे नऊ दिवस सर्वांचेच असतात. दहाव्या दिवशी उत्साह का टिकत नाही? आमच्या मते त्यास तीन कारणे आहेत. पहिले हे की, आपण सर्वांत कठीण जागेपासून आरंभ करतो. पत्रे, छायाचित्रे, वडिलांचा कोट ह्यांना पहिल्या दिवशी हात लावू नये. औषधांच्या रिकाम्या बाटल्या, वाळलेल्या लेखण्या, फुटकी टोपणे येथून आरंभ करावा. मनासही सराव लागतो. दुसरे कारण असे की, झालेले काम दिसत नाही. ह्यास उपाय एक वही. रोजची तारीख आणि मोकळी झालेली जागा एवढेच तीत लिहावे. महिन्याअखेरीस ती वही घरात मोठ्याने वाचावी. गणितात उत्तर बरोबर आल्यावर जो संतोष होतो, तोच येथेही होतो. तिसरे कारण, काम एकट्यावर पडते. दोघांनी मिळून काम केले म्हणजे एकाचा कंटाळा दुसरा सावरतो. येथे आमच्या मुलग्यांना एक शब्द स्पष्टपणे सांगितला पाहिजे. घर आवरणे हे आईचे आणि बहिणीचे काम, ही समजूत टाकाऊ वस्तूंत प्रथम घालावी.

आणखी एक. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन घटका करण्याचा हट्ट धरू नये. चुकलेला दिवस विसरावा आणि आजची घटका पाळावी. दुप्पट कामाच्या धास्तीनेच पुष्कळ चांगली व्रते मोडतात.

मोकळी झालेली जागा काही दिवस मोकळीच राहू द्यावी, आणि जुन्या वस्तू कोठे जातात इकडेही लक्ष असावे. जुन्या साड्यांची गोधडी, जिला येथे कानडीत कौदी म्हणतात, शिवून घेणे उत्तम. बोहारणीस कपडे देऊन भांडे घेणे वाईट नव्हे. परंतु पातेल्यांनी आधीच भरलेल्या घरात आणखी एक पातेले आले, तर एका अडगळीच्या बदली दुसरी आली एवढेच! फाटके व मोडके दान म्हणून देऊ नये. जे आपण वापरू शकलो असतो तेच द्यावे. प्लॅस्टिक अंगणात जाळू नये, त्याचा धूर विषारी असतो. परसात पडलेले टायर, करवंट्या, डबे आधी हलवावेत. पावसाचे पाणी साचले की त्यांत डेंग्यूचे डास वाढतात, आणि लाकडाफाट्यांच्या ढिगात विंचू घर करतात.

मात्र एका गोष्टीत घाई करू नये, ती म्हणजे कागद. आपल्या भागातील ट्रंकांतून मोडी, उर्दू, कानडी आणि मराठी अशा चार लिप्यांचे कागद एकाच फडक्यात बांधलेले सापडतात. वाचता येत नाही म्हणून कागद निरुपयोगी ठरत नाही. निजामी अमदानीतील एखादा उर्दू कागद शेताच्या हद्दीचा पुरावा असू शकतो. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून जुनी दप्तरे गोळा करीत, तेव्हा कित्येक दप्तरे वाळवीच्या आणि वाण्याच्या पुड्यांच्या तोंडी पडत होती. जी वाचली त्यांतूनच 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' ह्या मालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध झाला. तेव्हा कागद जाणत्यास दाखवावा आणि मगच ठरवावे.

तसेच, दुसऱ्याची वस्तू त्याच्या संमतीवाचून टाकू नये. स्वीडनमध्ये वृद्ध माणसे आपल्यामागे मुलांना त्रास नको म्हणून हयातीतच आपल्या वस्तू हळूहळू वाटून देतात. मार्गारेटा मॅग्नुसन ह्या बाईंनी २०१७ साली त्यावर पुस्तक लिहिले. आपल्याकडे वानप्रस्थाची कल्पना ह्याहून फार जुनी आहे. परंतु तेथेही आणि येथेही, देणारा हात वृद्धाचाच असावा लागतो. आजीच्या ट्रंकेजवळ बसून एकेका वस्तूची हकीकत ऐकावी. पुष्कळदा असे होते की, हकीकत सांगून झाली म्हणजे वस्तू देण्यास आजी आपण होऊन तयार होते. तिला जपायची असते ती आठवण. ती ऐकणारा भेटला की वस्तूचे काम संपते.

शेवटी, बाहेर काढण्याइतकेच महत्त्व आत न आणण्यास आहे. बाराव्या शतकातील कल्याणच्या, म्हणजे आपल्या बसवकल्याणच्या, शरणांमध्ये आयदक्की मारय्या व लक्कम्मा हे जोडपे होऊन गेले. 'आयदक्की' म्हणजे वेचलेले तांदूळ. बसवेश्वरांच्या अंगणात सांडलेले तांदूळ वेचून मारय्या घरी आणी आणि त्यांवर त्यांचा योगक्षेम व दासोह चाले. एके दिवशी त्याने नेहमीपेक्षा अधिक तांदूळ आणले, तेव्हा लक्कम्माने त्यास खडसावले, आणि गरजेपुरते ठेवून अधिकचे परत नेण्यास सांगितले, असे सांगतात. वेचून खाणाऱ्या त्या बाईच्या घरी अडगळ नव्हती, कारण दारातून आत येणाऱ्या प्रत्येक गोष्टीस ती "ही कशासाठी?" असे विचारीत होती. हाच प्रश्न आज आपल्या दारात उभ्या राहणाऱ्या प्रत्येक खोक्यास विचारला, तर निम्मे काम तेथेच आटोपेल.

विद्यार्थिमित्रांनो, हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा उन्हाळ्याची सुटी फार दूर नसेल. खिडकीजवळची एक जागा निवडा. चटई अंथरून, पुढ्यात पाट ठेवून वही उघडता येईल एवढीच. ती मोकळी करण्यास किती घटका लागतात ते वहीत लिहून ठेवा, आणि जूनमध्ये शाळा उघडली की ती वही वर्गात घेऊन या. तिला गुण मिळणार नाहीत. परंतु घरात तुमच्यासाठी उजेडाची एक जागा झाली आहे, हे कळल्यावर तुमच्या शिक्षकांना जो आनंद होईल, तो कोणत्याही गुणपत्रिकेने होत नाही.